कुंपणातला भाद्रपद

भाद्रपद आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टेकडी फुलते. यंदाही फुलली. नारिंगी-पिवळ्या फुलांचा नुसता भडका, त्यात गॉगल लावून उभी राहिलेली माणसं, आणि खाली ‘निसर्गाचं वरदान!!’ काल सकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुख काकू भेटल्या. म्हणाल्या, “अहो मेधाताई, तुम्ही पूर्वी टेकडीवर काम केलंत ना? किती सुरेख झालीय हो! सगळी तुमची पुण्याई.”

मी म्हटलं, “हो. सगळं माझंच कर्तृत्व.”

काकूंना वाटलं, मी गमतीने मोठेपणा घेतेय. त्या हसल्या. मी शब्दन्‌शब्द खरा बोलले होते.

ती नारिंगी फुलं कॉसमॉसची. कुणाच्या तरी बंगल्याच्या बागेतून सुटली आणि टेकडीवर माजली. इथली नव्हेत, सातासमुद्रापलीकडची आहेत. गुरं त्यांना तोंड लावत नाहीत. ती दाट उभी राहिली की खाली दुसऱ्या कुणाला ऊन म्हणून मिळत नाही. पण फोटो काय झकास येतो! मी वनस्पतिशास्त्राची डॉक्टर असल्यामुळे मला दर वर्षी कुणी ना कुणी या फुलांचं नाव विचारतं. मी सांगते आणि घरात येऊन दार लावते.

माझ्या डोक्यात आहे तो भाद्रपद निराळा. त्यात रंग असे अंगावर येत नसत, ते बघायला खाली वाकावं लागे. वाकूनही भागायचं नाही, सरळ पालथं पडावं लागे. पुण्यात तेव्हा संगणकाच्या कंपन्यांचं नुकतंच पेव फुटलं होतं. बाणेर-पाषाणकडची शेतं एकामागून एक काचेच्या इमारती होत होती. आमच्या घरात जो तो अमेरिकेच्या व्हिसाबद्दल बोलत होता, आणि मी नारायण पेठेतून रोज सकाळी लूना काढून टेकडीवर गवत मोजायला जात होते. मावशीने एकदा फार मायेने विचारलं, “मोजून झालं की त्याचं पुढे काय करायचं असतं गं?” मी लूनाचं पेडल मारलं.

काम असं होतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी लोखंडी चौकट. ती गवतावर टाकायची, शेजारी आडवं व्हायचं आणि आत किती जातींची रोपं आहेत ती एकेक करून वहीत उतरवायची. कोपर ओलं, पोट ओलं, मोज्यांत कुसळं, मानेवर मुंग्या. ओल्या मुरमाचा आणि चुरडलेल्या पानांचा तो वास! सोनकी असायची, जांभळा तेरडा असायचा, नभाळीची निळी केसाळ फुलं असायची, आणि जिथे खडकावर पाणी झिरपे तिथे सीतेची आसवं, टाचणीच्या टोकाएवढी. एका चौकटीत हातापायांची बोटं पुरायची नाहीत इतक्या जाती. मला वाटायचं, हे सगळं फक्त मलाच दिसतंय. पंचविशीत असं वाटतं माणसाला. तो एक आजारच असतो.

“काय गं मोजणीबाई, झालं का मोजून? का कालचंच परत मोजतीस?”

ही हिराबाई. टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत राहायची. पन्नाशीची, काटक, लुगड्याचा काचा मारलेला, कमरेला विळा. चंद्री आणि मैना या तिच्या दोन म्हशी. त्यांचं दूध वस्तीत आणि खालच्या दोन बंगल्यांत जायचं, त्यावर तिचं आणि तिच्या मुलाचं, म्हाद्याचं, घर चालायचं. पहिल्याच दिवशी ती माझ्या डोक्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “लगीन झालेलं दिसत न्हाय.”

“कसं ओळखलंत?”

“असं पालथं पडून गवत बघायला कोन सासू सोडंल?”

मग ती रोजच येऊ लागली. म्हशी चरायला सोडायची आणि दगडावर बसून माझी टिंगल करायची. माझ्याकडे झाडांची लॅटिन नावं होती. तिच्याकडे म्हशीची जीभ होती. हा पाला म्हैस खात नाही, ह्याच्याने दुधाला वास मारतो, हा ती नुसता हुंगते आणि पुढे जाते. एकदा मी चौकट टाकणार तेवढ्यात खेकसली, “हितं नगं! पाय काढ!” आणि विळ्याच्या टोकाने गवत हलकेच बाजूला केलं. आत खरपुडी होती. बोटभर उंचीचं रोप आणि त्याला कंदिलासारखं एक फूल. पुण्याच्या टेकड्यांवरून ती नाहीशी झाल्याचं मी आदल्याच महिन्यात ग्रंथालयात वाचलं होतं. “दर साली हितंच येतीया,” हिराबाई म्हणाली. “म्हशीला हिकडं येऊ देत न्हाय मी, फूल हाय तवर.”

गवत कापायची तिची एक रीत होती. दसरा झाल्याशिवाय विळा लावायचा नाही. कुसळं झडू द्यायची, बी खाली पडू द्यायचं, मग सगळा उतार अगदी चापूनचोपून कापायचा, भारे बांधायचे आणि उन्हाळ्यासाठी घरी रचायचे. एकदा विचारलं, इतकं बुडापासून का कापता? तर म्हणाली, “म्हाताऱ्या गवताखाली पोरं वाढत न्हाईत.” मी ते वहीत लिहिलंसुद्धा. मागच्या पानावर, जिथे पेन चालतं का ते बघतात तिथे.

आता आमचा शहाणपणा ऐका. टेकडी पुन्हा समृद्ध करायचा प्रकल्प होता. माझ्या सरांनी तो आखला होता आणि माझी पीएच.डी. त्यावरच होती. प्रकल्पाला आधी फोटो लागतात. ते आम्ही मे महिन्यात काढले, कारण मे महिन्यात कॉलेजला सुट्टी असते. असा गाढवपणा करायला भरपूर शिकलेलं असावं लागतं. मे महिन्यात टेकडी कशी दिसणार? बोडकी, तांबडी, मध्येच दोन म्हशी. त्या फोटोखाली सरांनी मला ओळ लिहायला सांगितली: ‘चराई व गवतकापणीमुळे ओसाड झालेला उतार.’ मी लिहिली. अक्षर माझं चांगलं होतं.

एका सॉफ्टवेअर कंपनीने टेकडी दत्तक घेतली. दत्तक! टेकडीची आई काय मेली होती? त्यांचा मॅनेजर, राहुल नावाचा गोरागोमटा मुलगा, मला म्हणाला, “ॲक्च्युअली मॅम, आम्हाला नेचरला काहीतरी गिव्ह बॅक करायचंय.” मग तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, शिट्टीवाला वॉचमन आला, आणि ‘पुनरुज्जीवन क्षेत्र, गुरे सोडण्यास व गवत कापण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आली. पाटीचा मजकूर माझा. खांब रोवत होते तेव्हा हिराबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. “गवताला येरवड्यात टाकलं म्हना की,” ती म्हणाली आणि मोठ्याने हसली. मीही हसले. महिना-दोन महिन्यांचा खेळ असेल असं तिला वाटलं होतं. तो कायमचा आहे हे मला माहीत होतं, तरी मी हसले.

पहिल्या वर्षी आम्ही खूश. गवत गुडघ्याच्या वर गेलं. दुसऱ्या वर्षी कंबरेला आलं. सरांनी त्यात उभं राहून फोटो काढून घेतला, नवरदेवासारखा. मी मात्र मोजत होते. चौकट टाकली की आत नुसतं कुसळी गवत. वरून हिरवं, मधे गेल्या वर्षीचं, खाली त्याच्या आदल्या वर्षीचं कुजकं, गादीसारखं. हात घालून ते उचललं की खाली पांढुरकी, उन्हाशिवाय लोळागोळा झालेली दोन-चार रोपं सापडत. नभाळी गेली. आमऱ्या, म्हणजे जमिनीवरची ऑर्किडं, गेल्या. सीतेच्या आसवांचा खडक गवताने गिळला.

आणि तिसऱ्या वर्षीचा तो भाद्रपद. तोच माझ्या मानगुटीवर बसलाय. गौरी दोन दिवसांवर आल्या होत्या आणि वस्तीतल्या बायका तेरडा न्यायला आल्या होत्या. आमच्याकडे गौर तेरड्याचीच असते, मुळासकट आणायची. वॉचमनने शिट्ट्या मारून त्यांना हाकललं. त्या मुकाट्याने कुंपणाबाहेरच्या वाटेवर गेल्या, जिथे वस्तीतली गुरं अजून ये-जा करायची. त्या वाटेच्या कडेला, शेणाशेजारी, खुरांच्या खळग्यांत, वीतभर जागेत काय नव्हतं! तेरडा, सोनकी, केना, निळं, जांभळं, पिवळं. मी चौकट तारेपलीकडे टाकली आणि पालथी पडले. हातापायांची बोटं पुरेनात. मग उठून आत आले. आत एका हाताची बोटंसुद्धा उरत होती.

खरपुडीच्या जागी गेले. मला ती जागा डोळे मिटून सापडली असती. गवताची गादी उपसली, नखांनी माती उकरली. कंद कुजला होता. बोटात घेतला तर पिचकला.

मी वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आकडे बघितले, चष्मा काढला, पुसला. “मेधा, तुझ्या प्रबंधाचा विषय काय आहे?”

“संरक्षणामुळे होणारं पुनरुज्जीवन.”

“होणारं. बरोबर? मग तीन वर्षांत घाई करू नकोस. आणि हे कुंपणाबाहेरचं मोजायला तुला कुणी सांगितलं होतं?”

मी ती पानं वहीतून काढली. फाडली नाहीत, व्यवस्थित कापली आणि घरी कपाटात कपड्यांखाली ठेवली. सरांनी तसं करायला सांगितलं नव्हतं. ही अक्कल माझी.

इकडे हिराबाईचे हाल चालले होते. गवत आणायला ती सूस गावाच्या पलीकडे जायची. पहाटे निघून दुपारी डोक्यावर भारा घेऊन यायची. मान आखडलेली असे, बोलताना सगळी वळून बोले. चंद्री आटत चालली होती. एक दिवस माझ्याजवळ येऊन बसली, पण टिंगल केली नाही. म्हणाली, “पोरी, माझं एक काम कर. कुंपन ऱ्हाऊ दे त्यांचं. फकस्त दसऱ्यानंतर मला आत सोडा, कापून नेते. तुमचंच गवत सुदरंल. त्या सायबाला सांग ना. तू मोजतीस, तुझं ऐकतील.”

मी मीटिंग ठरवली. तेवढं तरी केलं असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. हिराबाई धुतलेलं लुगडं नेसून आली होती. चपला तिने दाराबाहेर काढल्या, आणि गार फरशीवर अनवाणी उभी राहून तिने सगळं नीट सांगितलं: दसऱ्यानंतर कापायचं, बी पडू द्यायचं, जुनं गवत काढलं नाही तर खालचं मरतं. मी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात जे लिहायला हवं होतं ते ती चार वाक्यांत बोलली. राहुलने मान डोलावली. मग सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “या लोकांच्या भावना आपण समजून घ्यायला हव्यात.”

हिराबाईने माझ्याकडे बोट केलं. “ह्या पोरीला इचारा. ती रोज मोजते. ती खोटं न्हाय सांगायची.”

सगळे माझ्याकडे बघत होते. एसी चालू होता आणि माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. मी म्हटलं, “सध्या निश्चित असं काही सांगता येणार नाही. आणखी अभ्यासाची गरज आहे.”

मराठीत याहून निर्दय वाक्य मला माहीत नाही. शिवी नाही, खोटं नाही, कुणाला दुखावलं नाही. सर खूश, राहुल खूश. हिराबाईला त्याचा अर्थ लागला नाही. खाली उतरताना तिने विचारलं, “म्हंजे सोडनार का न्हाई?” मी म्हटलं, “बघू.”

दसऱ्याच्या आधीच टेम्पो आला. दलालाने मैनेच्या कासेला हात घालून बघितलं, तोंड उघडून दात बघितले, घराच्या भिंती ठोकून बघावं तसं तिला सगळीकडून ठोकलं. मैना गुमान चढली. चंद्री चढेना. पाय रोवून उभी राहिली आणि असं हंबरली की वस्तीतली माणसं बाहेर आली. दलालाने काठी उगारली तशी हिराबाई त्याच्या अंगावर धावली, काठी हिसकली, आणि मग स्वतः चंद्रीच्या मागे जाऊन तिचं शेपूट पिळलं. दोनदा. हाड मोडेल असं. चंद्री चढली. मी हे सगळं तारेच्या आतून बघत होते, हातात चौकट घेऊन. टेम्पो गेल्यावर हिराबाईची नजर माझ्यावर पडली. मला वाटलं, आता ही थुंकणार. ती म्हणाली, “मोज, मोज. तू कशाला थांबलीस?” आणि त्यात टोमणा नव्हता. त्या एका गोष्टीचा मला इतक्या वर्षांत उलगडा झाला नव्हता.

मला डॉक्टरेट मिळाली, नोकरी मिळाली. त्यानंतर उतारावर गिरिपुष्पाची परदेशी झाडं लावली, ती माजली. एका उन्हाळ्यात साठलेल्या वाळक्या गवताला आग लागली आणि रिकाम्या राखेवर हे नारिंगी फुलांचं वरदान उगवलं. सर निवृत्त झाल्यावर, म्हणजे मला भ्यायला कुणी उरलं नाही तेव्हा, मी कपाटातली पानं काढली आणि शोधनिबंध लिहिला: टेकडीवरच्या गवताळ भागात वर्षातून एकदा, बी पडल्यावर, कापणी आवश्यक. चर्चासत्रात टाळ्या पडल्या. कुणीतरी ‘मूलभूत निरीक्षण’ म्हणालं. शेवटी आभाराच्या ओळीत मी ‘स्थानिक ग्रामस्थ’ असं लिहिलं. नाव लिहायला एक शब्द पुरला असता.

काल लिफ्टमधून बाहेर आल्यावर मला घरात बसवेना. देशमुख काकूंचं ते ‘पुण्याई’ कानातून जाईना. चार वाजता मी उठले आणि हिराबाईकडे गेले. वस्तीच्या जागी आता सातमजली इमारत आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर ती म्हाद्याकडे असते. दार तिनेच उघडलं. पाठीत वाकलीय, एका डोळ्याने दिसत नाही. पण मला आवाजावरून ओळखलं. “अगं, मोजणीबाई! ये ये. किती वाळलीस! लगीन केलंस का न्हाय?” माझा हात धरून आत नेलं, दाराशी नव्हे, चांगल्या खुर्चीवर बसवलं, चाचपडत चहा टाकला. पिशवीतलं दूध ओतताना म्हणाली, “हे काय दूध हाय व्हय,” आणि हसली.

मी कप हातात घेतला आणि सगळं सांगितलं. “हिराबाई, तुमचंच बरोबर होतं. कापायला हवं होतं. कुंपण घालून आम्ही टेकडी मारली.”

“मला ठावंच हुतं की,” ती म्हणाली. “तुला कवा कळलं?”

इथे मला थांबता आलं असतं. ‘नंतर कळलं’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

“तिसऱ्या वर्षी,” मी म्हटलं. “मीटिंगच्या आधी. माझ्याकडे लिहिलेलं होतं.”

ती चांगला डोळा माझ्यावर रोखून बसली. मग म्हणाली, “म्हाद्या तवाच म्हनला हुता, त्या बाईनं तोंड उघडलं न्हाय म्हनून आपल्या म्हशी गेल्या. मी त्याच्या थोबाडीत मारली. म्हनलं, लेकरू हाय ते, शिकतंय आजून, तिला ठावं असतं तर ती बोलली असती. म्हैनाभर त्याच्या हातचं पानी न्हाय प्याले मी.”

“हिराबाई, मला—”

“मग आज कशाला आलीस सांगायला?”

“राहवलं नाही.”

“तुला ऱ्हावलं न्हाय.” तिने ते शब्द तोंडात घोळवून बघितले. “आता बरं वाटलं का तुला?”

वाटलं होतं. सांगून झाल्यापासून तिने हे विचारेपर्यंत अगदी हलकं वाटत होतं, आणि ते तिला माझ्या तोंडावर एका डोळ्यानेसुद्धा दिसलं होतं.

ती भिंतीला धरून उठली. माझ्या हातातला अर्धा चहा काढून घेतला, मोरीत ओतला आणि कप विसळायला बसली.